थ्री-नॉट-थ्रीची खोल-जोड

ली-एनफील्ड रायफलीच्या दस्त्याच्या टोकाला पितळी पट्टी असते आणि त्या पट्टीत एक छोटं झाकण. अंगठ्याने झाकण उघडलं की लाकडात कोरलेला कप्पा दिसतो. त्यात पितळेची तेलाची कुपी आणि गुंडाळून ठेवलेला पुलथ्रू, म्हणजे टोकाला वजन लावलेली दोरी. शिपायाला हत्याराची निगा राखायला एवढंच सामान मिळे. स्क्रू-ड्रायव्हर नाही, पाना नाही. यात काटकसर नव्हती. या रायफलीची रचनाच अशी आहे की शिपायाने जे उघडायचं ते नुसत्या हाताने उघडतं, आणि जे हाताने उघडत नाही ते आर्मररचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं, काम. जुनी रायफल सांभाळणारा माणूस संग्रहालयातला असो की पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारातला, त्याने ही सीमा सगळ्यात आधी समजून घ्यावी. या रायफलींचं गंजाने जेवढं नुकसान होतं त्याहून जास्त उत्साही हातांनी होतं, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे पोलिसांत आणि एनसीसीत जिला पिढ्यान् पिढ्या ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हटलं गेलं, ती बहुतेक वेळा ‘नंबर १ मार्क ३’ किंवा तिचीच युद्धकाळात सोपी केलेली, नावापुढे चांदणी लागलेली आवृत्ती. तिचा बोल्ट आणि खालची मॅगझिनची पेटी ही जेम्स पॅरिस ली यांची कल्पना. ली स्कॉटलंडमध्ये जन्मले, कॅनडात वाढले आणि अमेरिकेत त्यांनी काम केलं. १८८८ मध्ये ब्रिटिश फौजेने त्यांची यंत्रणा घेतली तेव्हा नळीतल्या खाचा मेटफर्ड पद्धतीच्या, उथळ आणि गोलसर होत्या. काळ्या दारूसाठी त्या उत्तम होत्या. पण लवकरच कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली, आणि तिच्या उष्णतेने या उथळ खाचा भराभर झिजू लागल्या. म्हणून एनफील्डच्या कारखान्याने खोल, चौकोनी कडांच्या पाच खाचा काढल्या आणि १८९५ मध्ये ली-एनफील्ड हे नाव पडलं. १९०४ मध्ये पायदळ आणि घोडदळ दोघांना चालेल अशी आखूड रायफल आली, १९०७ मध्ये तिचा मार्क ३. नळी सव्वापंचवीस इंचांच्या आसपास, वजन चार किलोच्या जवळ, मॅगझिनमध्ये दहा काडतुसं.

हुगळीकाठच्या इशापूरला १९०४ मध्ये रायफल फॅक्टरी उभी राहिली आणि पुढे ही रायफल तिथेच बनू लागली. तिची काडतुसं आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होत. १९६२ च्या चीन युद्धात भारतीय जवानाच्या हातात हीच रायफल होती. त्यानंतर इशापूरने तिचाच सांगाडा घेऊन ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाची ‘२ए’ आणि मग ‘२ए१’ बनवली. तिचं मॅगझिन बारा काडतुसांचं आणि जास्त चौकोनी, त्यामुळे ती लांबूनही ओळखू येते. लष्करातून रायफल गेली, पण पोलिसांत राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दहशतवाद्यांच्या स्वयंचलित बंदुकांसमोर उभ्या राहिलेल्या पोलिसांकडेही हीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट २०२० साली.

कायद्याचं आधीच सांगतो. ३०३ हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे. साध्या परवान्यावर ही रायफल घरी ठेवता येत नाही. पण इंग्रजांच्या काळापासून नागरिकांसाठी ठरवलेल्या ३१५ बोअरची भारतीय बनावटीची शिकारी रायफल याच ली-एनफील्डच्या यंत्रणेवर बांधलेली आहे. त्यामुळे पुढचं बरंचसं त्या परवानाधारकांनाही लागू पडेल.

सुरुवात रायफल रिकामी करण्यापासून. नळी सुरक्षित दिशेला. ट्रिगर गार्डच्या आत, चापाच्या पुढे एक खटका आहे; तो वर दाबला की मॅगझिन खाली सुटतं. मॅगझिन आधी काढायचं, कारण ते जागेवर असताना बोल्ट मागेपुढे केला तर एखादं काडतूस चेंबरमध्ये सरकू शकतं. मग बोल्ट उघडून पूर्ण मागे ओढायचा, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. नुसतं पाहणं पुरेसं नाही. काळवंडलेल्या चेंबरमध्ये काळवंडलेलं पितळ सहज नजरेतून सुटतं.

आता बोल्ट. बॉडीच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी भागाच्या, डाव्या अंगाचा सेफ्टी कॅच पुढे असला पाहिजे, मागे असेल तर बोल्ट जखडलेला राहतो. बोल्ट पूर्ण मागे ओढल्यावर त्याचं पुढचं डोकं, म्हणजे बोल्ट-हेड, उजव्या बाजूच्या एका छोट्या स्प्रिंगमध्ये अडकलेलं दिसेल. बोटाने ते वर उचललं की टक् असा आवाज होऊन सुटतं, मग सबंध बोल्ट मागच्या बाजूने हातात येतो. अडकलंच तर जोर कडेला लावा, पुंगळं ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्यावर कधीही नाही. तो आकडा आणि त्यामागची चपटी स्प्रिंग फार नाजूक असते.

बोल्ट हातात आला की तेल लावायच्या आधी त्याच्यावरचा क्रमांक वाचा. हँडलच्या मुळाशी मागच्या बाजूला तो ठोकलेला असतो, आणि बॉडीवरही तोच हवा. लॉकिंगचे पृष्ठभाग कारखान्यात किंवा आर्मररच्या टेबलावर एकमेकांना जुळवून बसवलेले असतात. या रायफलीत बोल्ट पुढे नाही, मागच्या बाजूला अडकतो. एका बाजूला आखूड लग, म्हणजे अडकणारा उंचवटा, आणि दुसऱ्या बाजूला लांब कणा. दोन्हीवर भार सारखा पडला पाहिजे. दहा रायफली एकत्र साफ करताना बोल्ट एका परातीत टाकून नंतर हाताला येईल तो बसवणं हा खरोखर धोक्याचा आळस आहे. परक्या बोल्टने एकाच लगवर भार पडतो, किंवा काडतुसाच्या मागे सांध राहते आणि गोळी सुटताना पितळ फाटू शकतं.

बोल्ट-हेड हाताने फिरवलं की मोकळं होतं, आणि ही लीच्या रचनेतली मोठी खुबी आहे. काडतुसाची कड आणि बोल्ट यांच्यातलं अंतर झीज होऊन वाढलं तर अख्खा बोल्ट टाकावा लागत नाही, नुसतं लांब बोल्ट-हेड लावलं की भागतं. पुढच्या ‘नंबर ४’ रायफलीत त्यासाठी ० ते ३ असे आकडे घातलेले चार आकार मिळत. नंबर १ मध्ये आर्मरर गेज लावून जुळवून बघत असे. आपल्याला गेज लावायचं नाही, पण एक गोष्ट पाहता येते: हेड पूर्ण आवळल्यावर त्याचा कान बोल्टच्या कण्याच्या रेषेत येऊन थांबला पाहिजे. रेषेच्या बराच पुढे निघून जात असेल तर आटे झिजले आहेत, आणि ती रायफल गोळीबारासाठी नाही.

बोल्टच्या पोटातली फायरिंग पिन आणि तिची स्प्रिंग मात्र तशीच राहू द्या. ती काढायला आत जाणारं दोन दातांचं खास हत्यार लागतं, आणि स्प्रिंग दाबलेली असते. बाहेरून पुसा, बोल्ट-हेड काढलेल्या तोंडातून तेलाचे दोन थेंब सोडा, डोकं खाली करून निथळू द्या. एवढ्याने पुष्कळ वर्षं जातात.

बोल्ट हातात असेपर्यंत त्याची चाल एकदा समजून घेण्यासारखी आहे. जर्मन माउझर ९८ मध्ये बोल्ट उचलतानाच फायरिंग पिनची स्प्रिंग दाबली जाते. इथे ती बोल्ट पुढे ढकलून बंद करताना दाबली जाते. त्यामुळे उचलताना हाताचा सगळा जोर रिकामं पुंगळं सोडवायला मिळतो. हँडलही फक्त साठ अंशांतच वर येतं. मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्या ही ब्रिटिश फौजेची नेमबाजीची कसोटी होती, आणि हे दोन गुण नसते तर ती शिपायाला झेपली नसती. पुंगळं बाहेर फेकायला डाव्या भिंतीत फक्त एक बारीक स्क्रू आहे. साफसफाईत तो ढिला होतो आणि हरवतो, म्हणून दर वेळी नखाने चाचपून पाहा.

मॅगझिन सोपं आहे. आतल्या तबकडीचा मागचा भाग दाबला की पुढचं टोक ओठांतून सुटतं आणि स्प्रिंगसकट बाहेर येतं. पेटी कोरड्या फडक्याने पुसायची, स्प्रिंगला नुसता तेलाचा हात. ओठांना पक्कड लावून वाकवायच्या फंदात पडू नये. ३०३ च्या काडतुसाला मागे कड असते; वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली की भरण बिघडतं, आणि दोष मॅगझिनच्या माथी मारला जातो. मुळात ही रायफल वरून, पाच-पाच काडतुसांच्या चार्जरने भरायची. पेटी सुटी करायची ती फक्त सफाईसाठी.

आता नळी. पुलथ्रूच्या दोरीला तीन फासे असतात. वजनाजवळचा पहिला तारेच्या जाळीसाठी, दुसरा चिंदीसाठी, आणि तिसरा चिंदी नळीत अडकलीच तर उलट ओढून काढण्यासाठी. कोरड्या सफाईची चिंदी चार बाय दोन इंचांची, तेल लावायची चार बाय दीड इंचांची. हा अर्ध्या इंचाचा फरक वायफळ नाही. तेलाची चिंदी थोडी सैल बसली तरच तेल नळीत राहतं, घट्ट बसली तर स्वतःच पुसून नेते. वजन चेंबरच्या बाजूने सोडायचं, तोंडाकडून ओढायचं, आणि एका दमात, मध्ये न थांबता. जाळी फक्त हट्टी थरासाठी. रोज वापरली तर खाचांच्या कडा जातात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: दोरी नळीच्या तोंडाच्या मधोमध, सरळ रेषेत ओढली पाहिजे. तिरकी ओढली तर ती कडेवर घासते. दोरीला चिकटलेली धूळ पोलादाला कानशीसारखी कापते आणि वर्षानुवर्षांत तोंडाच्या कडेला चर पडतो. गोळी सुटताना मागचा वायू त्या चरातून आधी निसटतो आणि तिला बाजूला ढकलतो. चेंबर चकचकीत, खाचा धारदार, आणि तरीही रायफल नेम धरत नाही, याचं कारण कित्येकदा एवढंच असतं. तोंडाची कड भिंगाखाली बघितल्याशिवाय नळीबद्दल मत देऊ नये.

गोळीबार झालेल्या रायफलीला पाणी लागतं, उकळतं पाणी, आणि हे ऐकून लोक दचकतात. जुन्या लष्करी काडतुसांच्या कॅपमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाच्याच जातीचा क्षार. तो हवेतली ओल खेचून घेतो आणि रात्रीतून पोलाद खाऊ लागतो. क्षार तेलात विरघळत नाही. नळी तेलाने कितीही पुसली तरी तो तेलाच्या थराखाली तसाच राहतो. पाण्यात मात्र लगेच विरघळतो. म्हणून चेंबरमध्ये फनेल बसवून, लाकडावर थेंब न सांडता, दोन-तीन लिटर उकळतं पाणी नळीतून सोडायचं. पाणी उकळतं असलं की नळीही तापते आणि आपली आपण वाळते. मग कोरड्या चिंद्या, शेवटी तेलाची. बोल्ट-हेडच्या तोंडालाही हाच उपचार, कारण तोच क्षार तिथेही बसतो. मुंबईच्या किंवा कोकणच्या हवेत हे काम दुसऱ्या दिवसावर टाकता येत नाही.

गोळीबाराआधी नेमकं उलट. नळी आणि चेंबर कोरडे करायचे, काडतुसंही कोरडी. सुटताना पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला धरतं आणि धक्क्याचा बराचसा भार तिथेच अडतो. चेंबर तेलकट असलं की पितळाची ती पकड सुटते आणि सगळा भार बोल्टवर येतो. मागून अडकणाऱ्या या बोल्टला तो जास्तीचा भार सोसवत नाही.

इथवर शिपायाचं क्षेत्र. यापुढे स्क्रू सुरू होतात, आणि ते बाजारात मिळणाऱ्या मापाचे नाहीत. त्यांचे आटे खास या कारखान्यांचे. बोथट स्क्रू-ड्रायव्हरने खाच फाटली तर बदली स्क्रू मिळवणं फार कठीण. तरीही लाकूड उतरवायची वेळ कधीतरी येते, कारण नळीच्या खालच्या बाजूला, फोर-एंडच्या म्हणजे पुढच्या लाकडाच्या आत, कोणाला न दिसणारा गंज वर्षानुवर्षं वाढत असतो. म्हणून क्रम माहीत हवा, निदान आर्मररच्या शेजारी बसून तो बघता तरी आला पाहिजे.

दस्ता बॉडीला एका लांब बोल्टने आवळलेला असतो. तेलाच्या कुपीच्या कप्प्यातून लांब स्क्रू-ड्रायव्हर आत घातला की त्याचं डोकं सापडतं. समोरच दिसत असल्यामुळे नवख्याला वाटतं, दस्त्यापासून सुरुवात करावी. या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं, आणि ते बॉडीतून बाहेर येऊन फोर-एंडच्या मागच्या भिंतीतल्या पत्र्याच्या खाचेत बसतं. बोल्ट आपोआप फिरून ढिला होऊ नये म्हणूनच ही योजना. पण फोर-एंड जागेवर असताना तो जोराने फिरवला तर चौकोनी टोक लाकूड उचकटतं आणि फोर-एंड मागून उभा चिरतो. शंभर वर्षांचं अक्रोडाचं लाकूड एका पिळात गेलेलं पाहिलं की वाईट वाटतं. म्हणून नियम एकच: फोर-एंड उतरल्याशिवाय दस्त्याच्या बोल्टला हात लावायचा नाही.

फोर-एंड उतरवायचा क्रम पुढून मागे जातो. आधी मॅगझिन आणि बोल्ट बाहेर. मग नळीच्या तोंडाशी बसणाऱ्या नोज-कॅपचे स्क्रू काढून ती सरळ पुढे सरकवायची. ती माशीला दोन्ही बाजूंनी कान देते, वाकडी ओढली तर माशीला धक्का लागतो. मधली कडी सोडायची, फोर-एंडच्या खालून आतल्या पट्ट्याचा स्क्रू आणि त्याखालची छोटी स्प्रिंग काढायची. ती उडते, हाताखाली फडकं ठेवा. मागचा हँडगार्ड नळीवर स्प्रिंगच्या चापांनी बसलेला असतो. तो एका टोकाने उचकटला तर पातळ लाकूड तडकतं. मग ट्रिगर गार्डचे मागचे-पुढचे स्क्रू. पुढच्या मोठ्या स्क्रूभोवती नेमक्या मापाची एक नळकांडी असते. ती हरवली किंवा कापली गेली तर लाकूड चिरडेपर्यंत स्क्रू आवळला जातो. शेवटी फोर-एंड सरळ खाली काढायचा, तोंडाच्या बाजूने तरफेसारखा ओढायचा नाही. धक्क्याचा सगळा भार फोर-एंडच्या मागच्या टोकाला, ट्रिगरच्या आजूबाजूच्या दोन छोट्या लाकडी पृष्ठभागांवर येतो, आणि तरफ दिली की तेच तुटतात. ते दाबले गेलेले, तेलाने काळे मऊ पडलेले दिसले तर नेम का हुकत होता ते कळतं. नळीखालचा गंज अगदी बारीक स्टील वूल आणि पातळ तेलाने, कमी जोराने काढा. इशापूरच्या बऱ्याच रायफलींवर काळा रंग चढवलेला असतो. तो खरवडून चकाकी आणणं म्हणजे त्या रायफलीचा इतिहास पुसणं.

लाकडाला वॉर्निश नको, फर्निचर पॉलिश नको. जवसाचं कच्चं तेल, ‘बॉइल्ड’ म्हणून विकतात ते नव्हे. तळहाताने अगदी पातळ चोळायचं, उष्णता येईपर्यंत, आणि नीट वाळल्यावरच पुढचा हात. पावसाळ्यात ते वाळायला बरेच दिवस लागतात, म्हणून हे काम उन्हाळ्यात करावं. दस्त्यावरच्या गोल शिक्क्यांवर सँडपेपर फिरवू नये. जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या स्वतः तापतात आणि पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

काही रायफलींच्या बॉडीवर आणि लाकडावर ‘डीपी’ ही अक्षरं ठोकलेली आढळतात. त्या फक्त कवायतीच्या, कधीही गोळीबारासाठी नाहीत, कितीही चांगल्या दिसल्या तरी. काहींच्या पुढच्या लाकडावर तार गुंडाळलेली असते. त्या ग्रेनेड फेकण्यासाठी मजबूत केल्या होत्या आणि त्यांनी पुष्कळ धक्के सोसलेले आहेत. ती तार अस्ताव्यस्त दिसते म्हणून सोडू नये.

जोडताना सगळं उलट क्रमाने. बोल्ट बसवताना हेड पूर्ण आवळलेलं, कण्याच्या रेषेत; बोल्ट पुढे सरकवून हेड त्या छोट्या स्प्रिंगवर दाबायचं, टक् ऐकू आलं पाहिजे. बोल्ट बंद करा, सुरक्षित दिशेला चाप ओढून स्प्रिंग सैल करा, सेफ्टी मागे, मग मॅगझिन. ठेवताना कॅनव्हासच्या खोळीत किंवा चामड्यात गुंडाळून ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. उभ्या रॅकवर, भिंतीला न टेकवता, आणि नळीच्या तोंडात बूच न घालता. पोलादाला हाताचा घाम लागला की त्याच दिवशी पुसा. जिथे सुरक्षिततेसाठी बोल्ट वेगळ्या कपाटात कुलूपबंद ठेवतात, तिथे प्रत्येक बोल्टला रायफलीच्या क्रमांकाची पत्र्याची चकती तारेने बांधा, आणि पावसाळ्यातल्या पंधरवड्याच्या तपासणीनंतर कपाट बंद करण्याआधी चकतीवरचा, बोल्टवरचा आणि बॉडीवरचा असे तिन्ही क्रमांक मोठ्याने वाचून जुळवा.